दोन महिन्यांसाठी प्रोसेसर

मुलाच्या गेमिंग कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायला मी गोमती नगरातल्या दुकानात नुसता मॉनिटर घेऊन गेलो. कॉम्प्युटर म्हणजे तोच, असा माझा समज. दुकानदार हसला नाही. त्याने मॉनिटरवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि म्हणाला, "तशरीफ़ रखिए. प्रोसेसर वाला डिब्बा घर पर आराम कर रहा होगा."

मुलाला फोन लावून त्याने मॉडेल विचारलं. नव्या प्रोसेसरला जुना मदरबोर्ड चालणार नव्हता, रॅमही नवी लागणार होती. खर्च ऐकून मी खिशातलं पाकीट चाचपलं. मुलगा लवकरच हॉस्टेलला जाणार. तोवर तरी त्याने माझ्याशी चार शब्द बोलावेत, एवढ्यासाठी ही धडपड.

"भैया, लेना चाहिए?" मी दोनतीनदा विचारलं.

ग्राहकाला तोंडावर नाही म्हणणं त्याला जमत नसावं. दर वेळी तो छातीवर हात ठेवायचा आणि चहा पुढे सरकवायचा. शेवटी हळूच म्हणाला, "साहब, बेटा घर पर कब तक है?"

"दो महीने," म्हणत मी मॉनिटर उचलला.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, प्रोसेसर राहू द्या. गेम खेळायला दुसरा कंट्रोलर आणा आणि रोज त्याच्याशेजारी बसून हरत जा."