आठ नंबरची तार

पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं, तेव्हा मी जुन्नर तालुक्यातल्या एका बाजारगावी तारबाबू होतो. नोकरी नवी आणि शहाणपण जरा जास्तच. आमच्या तारेला मराठी येत नसे. माणसाचं बोलणं आधी इंग्रजीत करायचं, मग एकेक अक्षर कट्ट-कड करत पाठवायचं. शुभेच्छांसाठी मात्र तयार वाक्यांचा एक तक्ता भिंतीवर लावलेला होता, प्रत्येक वाक्याला एक आकडा. आपण इथून नुसता आठ पाठवायचा; पलीकडचा बाबू त्याच्या तक्त्यात आठ बघून लग्नाचं अख्खं वाक्य लिहून देई. मला त्या तक्त्याचं भारी कौतुक. देवाने बोलायला एवढे शब्द उगाच दिले, असं मी चेष्टेने म्हणायचो.

एका बाजाराच्या दिवशी बांगड्या भरणारे चाचा आले. त्यांच्या मुलाने मुंबईत आपल्या मनाने लग्न ठरवलं होतं आणि त्यावरून बापलेकांत वर्षभर अबोला होता; आता लग्नाचा दिवस येऊन ठेपला होता.

चाचा खिडकीचे गज धरून म्हणाले, "लिवा मास्तर. माझा राग न्हाई. सुनंला घेऊन ये, बांगड्या मी भरीन."

मागे रांग खोळंबली होती. शिवाय बांगड्या भरण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं, आणि तसं कबूल करायची लाज वाटली. मी सांगितलं, आठ नंबर टाकतो, लग्नाचा आशीर्वाद जाईल.

"समदं येतं का त्यात?"

"येतं," मी म्हणालो, आणि आठ वाजवून मोकळा झालो.

मुलगा काही आला नाही. पुढचे दोन-तीन बाजार चाचा उत्तराची चौकशी करून गेले, मग यायचे थांबले. वर्षाच्या आत ते वारले.

दफन झाल्यावर मुलगा ती तार घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या एका दोस्ताच्या लग्नात परक्या लोकांनी हेच वाक्य पाठवलं होतं, शब्दाला शब्द. त्यामुळे बापाने नुसती जनरीत पाळली, असं त्याने धरलं होतं. त्याने विचारलं, "अब्बा आणखी काही बोलले होते का?"

खरं सांगायचं तर माझी चूक सांगावी लागली असती. माझी जीभ रेटेना.

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

त्याने तारेची घडी करून खिशात घातली आणि तो गेला. त्याच्या बापाला मी दुसऱ्यांदा मुकं केलं होतं.