उंबरठ्यावरून तपासलेली शाळा

१९६५ साल. माझं वय सदतीस. पाकिस्तानशी लढाई सुरू झालेली. भोंगा वाजला की माणूस कारखान्यात गडप व्हायचा आणि पुढचा भोंगा होईपर्यंत बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध राहायचा नाही. मी खरादीवर, म्हणजे लेथवर होतो. बारा तास मशीनपुढे उभं राहायचं आणि अंधाऱ्या रस्त्यानं घरी यायचं. विमानांच्या भीतीनं सगळ्या खिडक्यांना काळे कागद. शिक्षण माझं दुसरी, तीही पुरती नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बऱ्याच जणांनी ते मला ऐकवलं.

जबलपुरात मदन महलकडून गढ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आपल्या मराठी मंडळींची एक लहानशी शाळा होती. भाड्याची जागा, दोन खोल्या, पुढे व्हरांडा. चालवायची समिती. समितीत सगळे ऑफिसवाले आणि एक वकील. पोरं मात्र बहुतेक आम्हा कारखान्यावाल्यांची. माझी मुलगी त्या शाळेत जायची. नऊ वर्षांची. घरी आणि गल्लीत तिचं तोंड क्षणभर बंद नसायचं, पण शाळेत तिनं दोन वर्षं एक शब्द काढला नव्हता.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. शाळेत गेली त्याच आठवड्यात तिनं गुरुजींना पाणी प्यायला जाऊ का म्हणून हिंदीत विचारलं. गल्लीत सगळे हिंदीच बोलतात, पोरगी काय करणार? गुरुजींनी तिला उभं केलं आणि तेच वाक्य सगळ्या वर्गाकडून शुद्ध मराठीत म्हणवून घेतलं. एकदा नाही, वर्ग कंटाळेपर्यंत. तेव्हापासून ती तोंडावर बोट ठेवून बसायची आणि गुरुजी तिला शहाणी मुलगी म्हणायचे. परीक्षेत मात्र दोन्ही वर्षं नापास. बायको म्हणाली, यंदा शेवटचं पाहू, नाही तर बसवू घरी, चूल तरी शिकेल. मी हो म्हटलं नव्हतं, पण माझ्याजवळ दुसरं उत्तरही नव्हतं.

त्या जूनमध्ये शाळेत एक बाई आल्या. सिवनीकडच्या, एकट्या, गढ्यात खोली घेऊन राहायच्या. समितीनं त्यांना परीक्षा म्हणून वर्षभरासाठी ठेवलं होतं. मुलगी त्यांच्या वर्गात गेली. दसऱ्याच्या आधी एका रविवारी तिला घेऊन मी बाजारात निघालो, तर ती दुकानांच्या पाट्या वाचत चाललेली. मोठ्यानं. एका पाटीवरचं लांबलचक नाव मला लागेना, ते तिनं मला वाचून दाखवलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, चुलीचं आता पाहू नको.

दिवाळीनंतर सरकारी साहेब यायचे होते. शाळा त्यांच्या मनास आली तर अनुदान मिळणार. त्याच्या आधी समितीनं स्वतःच तपासणी करायची ठरवली, आणि बाईंना कायम करायचं की नाही हेही त्यातच ठरायचं होतं. तपासणीला अध्यक्ष, चिटणीस आणि पालकांतला एक जण. अध्यक्ष मोठ्या ऑफिसातले सुपरिंटेंडेंट, चिटणीस म्हणजे तो वकील, आणि पालक मी. मला काहून घेतलं ते उघड होतं. मिस्त्री माणूस, मान हलवेल.

आता त्यांची तपासणीची रीत सांगतो. दोन्ही खोल्यांत सरस्वतीचा फोटो होता, म्हणून जोडे घालून आत जायचं नाही असा नियम समितीनंच केलेला. आणि समितीवाले यायचे नाडीचे बूट घालून. पोरांदेखत वाकून नाड्या सोडायच्या, मोजे दाखवायचे, हे त्यांना जमत नसे. अध्यक्ष तर वाकले की त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा. म्हणून ते उंबरठ्याबाहेर उभे राहून वर्ग तपासायचे. इतकी वर्षं असंच चाललेलं. उंबरठ्यावरून काय दिसतं? भांग दिसतात, रांगा दिसतात. आणि शांतता असली तर ती ऐकू येते.

माझेही बूट नाडीचेच, कारखान्याचे. मी ते काढले आणि आत जाऊन तरटपट्टीच्या टोकाला पोरांमध्ये बसलो. चिटणीस म्हणाले, मिस्त्री, तुमच्यासाठी खुर्ची मागवू का? मी म्हटलं, पोट्ट्यांना कुठं आहे खुर्ची?

आधी गुरुजींचा वर्ग. सगळ्यांचं तोंडावर बोट. माशी उडाली तर ऐकू यावी. माझ्या शेजारचाच पोरगा वाचायला उभा केला. खणखणीत वाचलं त्यानं, विहिरीचा धडा, अडखळला म्हणून नाही. अध्यक्षांनी दारातूनच मान डोलावली. मी पोराच्या पुस्तकात पाहिलं तर पानावर होडीचं चित्र. विहीर कुठंच नाही. पोरगा होडीच्या ओळींवरून बोट फिरवत विहीर म्हणत होता. मी तिथूनच सांगितलं की पान दुसरंच आहे. अध्यक्ष म्हणाले, असू द्या, पाठांतर उत्तम आहे.

मग बाईंचा वर्ग. आवाज व्हरांड्यातच ऐकू आला. तिथं रेशनचं दुकान मांडलं होतं. त्या वर्षी रेशनच्या रांगा सगळ्यांनाच पाठ. पुठ्ठ्याचा तराजू, गहू म्हणून खडे, आणि दुकानदार कोण, तर माझी पोरगी. वजन करायचं, भाव सांगायचा, हिशेब पाटीवर मांडायचा. चुकला की गिऱ्हाईकच भांडायला उठायचं. पोरं हिंदीत भांडायची, बाई विचारायच्या, आपल्या घरी हे कसं म्हणाल? की मराठीत पुन्हा भांडण. मी पट्टीवर बसलो. समोर आलेला मुलगा मध्ये घुसू पाहत होता. माझी पोरगी त्याला म्हणाली, “लाइन से आओ. रांगेत या. आणि आधी थैली दाखवा, भोक आहे का पाहू द्या. मागच्या वेळेस अर्धे गहू तुम्ही रस्त्यात सांडले आणि मला चोर म्हटलं.”

मला हसू आलं. दोन वर्षं मुकी पोरगी.

दारातून अध्यक्ष म्हणाले, “हा वर्ग आहे का गढ्याचा बाजार?”

बाई म्हणाल्या, “बाजारच आहे, साहेब. आत या ना. बसा, सौदा घ्या.”

अध्यक्षांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. तपासणी झाली.

पोरं घरी गेल्यावर व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, चहा आला. चिटणीसांनी निकाल सांगितला. गुरुजींचा वर्ग आदर्श. बाईंच्या वर्गात शिस्त नाही, भाषा शुद्ध नाही. सरकारी साहेबांसमोर असा वर्ग दाखवता येणार नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत बाईंना ठेवावं, पुढे नको. सगळ्यांना मंजूर? मी म्हटलं, मला नाही.

अध्यक्षांनी विचारलं, “मिस्त्री, तुमचं शिक्षण किती?”

“दुसरी. तीही पुरती नाही.”

“मग शिकवणं कसं असावं, हे तुम्ही काहून सांगून राहिले?” एरवी ते असं बोलत नसत. माझीच बोली त्यांनी माझ्या तोंडावर मारली. चिटणीस हसले.

“मी आत बसलो होतो म्हणून सांगून राहिलो,” मी म्हटलं. “तुम्ही दारात उभे होते.”

चिटणीसांनी विचारलं, कारखान्यात मशीनवरही असाच गोंगाट करता का? मी म्हटलं, चालू मशीन आवाज करते, वकीलसाहेब, बंद असते ती चूप असते. त्यावर अध्यक्ष म्हणाले, अच्छा, मग सरकारी साहेब आले की कारखान्याचा भोंगाच वाजवू. दोघं पुन्हा हसले. मी माझ्या मुलीचं सांगितलं, होडीच्या पानाचं पुन्हा सांगितलं. ते ऐकत होते, पण गाडीची वाट पाहणारा माणूस ऐकतो तसं.

तेव्हा मी म्हटलं, “अनुदानासाठी बूट काढावे लागले तर काढाल का तुम्ही?”

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, वार्षिक परीक्षेपर्यंत थांबायचीही गरज नाही. बाईंनी उद्यापासून येऊ नये. चिटणीस उठून आत गेले आणि बाईंना तसं सांगून आले.

मी पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो. बाई बाहेर आल्या. हातात तराजू आणि खड्यांची पिशवी. रडल्या-बिडल्या नाहीत.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “मला वार्षिकपर्यंत ठेवणार होते. तेवढ्यात पोरांचं पुस्तक संपलं असतं.”

“मग मी काय खोटं बोलायला पाहिजे होतं, बाई?”

“नाही. गप्प बसायला पाहिजे होतं.”

एवढं बोलून त्या गेल्या. पुढे त्या सिवनीला परतल्याचं ऐकलं. त्यांचं ते बोलणं मी आजवर विसरलो नाही. तरी त्या खुर्चीवर मी गप्प बसलो नसतोच. माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं गिळायचं, ते कुणासाठी?

शाळेला अनुदान मिळालं. सरकारी साहेबांनी शांततेची तारीफ केली म्हणे. पुढे पोरं कमी होत गेली आणि शाळा बंद पडली. आता तिथं टायरचं दुकान आहे. तेच समितीवाले म्हातारपणी सभांमधून रडायचे की जबलपूरच्या मुलांना मराठी येत नाही. मी मागे बसून ऐकायचो. माझी नात मला दादाजी म्हणते. मी मराठीत बोललो तर तिला सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. तिचा दोष नाही. कुणाचा आहे, ते मी आधीच सांगितलं आहे.

तर बाईंना काढलं त्याचा दुसरा दिवस. सकाळी भोंगा झाला तेव्हा मी कारखान्याच्या वाटेवर नव्हतो. लढाईच्या दिवसांत खाडा म्हणजे साधी गोष्ट नव्हती, पण मी मुलीला घेऊन शाळेत गेलो. गुरुजींनी दोन्ही वर्ग एका खोलीत बसवले होते. कुणी सांगायच्या आधीच, उंबरठ्याच्या बाहेर उभ्या उभ्या माझ्या पोरीनं तोंडावर बोट ठेवलं.

मी बूट घालूनच आत गेलो. कोपऱ्यातली तिची बसायची पट्टी उचलली, जी तिच्या आईनं शिवून दिली होती. गुरुजी म्हणाले, बूट, बूट. मी पट्टीची गुंडाळी केली. पोरांची बोटं तोंडावरच होती.

तिथून आम्ही चालत मदन महल स्टेशनजवळच्या हिंदी शाळेत गेलो. टेबलामागच्या मास्तरांनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, “नाम क्या है, बिटिया?”

तिचं बोट अजून तोंडावरच होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी पट्टी काखेत दाबून धरली आणि गप्प उभा राहिलो. मास्तरांनी पुन्हा विचारलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मग मागून तिचा आवाज आला. आधी तिनं तिचं नाव सांगितलं, आणि मग माझं.