गोचिडीला चुड्या नसतात

शेजारचे फिटरकाका आमच्याकडे आले, की चहाच्या आधी आमच्या कानांमागे बघत. खुर्सीपारच्या आमच्या गल्लीत रविवारी कुणी डॅमवरून किंवा रानातून हिंडून आलं, की काका त्याला दारातच अडवणार. कानामागे, मानेवर, केसांच्या कडेला नीट पाहणार आणि वर हुकूम सोडणार, "काख, कंबर, गुडघ्याच्या मांग अंदर जाऊन पाहा. कपडे झटका, साबण लावून आंघोळ करा." गोचीड या एवढ्याशा किड्याचा एवढा धसका घेतलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सहलीला निघताना तर त्यांचा जाच असह्य व्हायचा. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, तोही फिका, म्हणजे गोचीड चढताना दिसते. पँट मोज्यांत खोचलेली हवी. त्या काळच्या आमच्या सगळ्या फोटोंत आम्ही होमगार्डच्या कवायतीला निघाल्यासारखे दिसतो. तेव्हा लाज वाटायची, आता ते फोटो मीच सगळ्यांना दाखवत बसते.

आमची गल्ली पडली प्लांटवाल्यांची, पोलाद कारखान्यातल्या कामगारांची. अडकलेली वस्तू सोडवायची म्हणजे एक तर तापवायची, नाही तर फिरवायची, हे सगळ्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. गोचीड दिसली की एक जण बिडी पेटवून पुढे येई, दुसरा मातीचं तेल म्हणजे रॉकेल आणी, तिसरा चिमटीत धरून बोल्ट उघडावा तशी डावीकडे फिरवू लागे. काका उसळायचे. स्वतःचा जन्म नटबोल्ट उघडण्यात गेलेला, पण इथे म्हणायचे, "फिरवून कावून राहिला बाप्पा? गोचिडीले का चुड्या असते? सरळ वढ!" चुड्या म्हणजे बोल्टचे आटे. मग खिशातला बारीक टोकाचा चिमटा निघे. कातडीला अगदी लागून तिला धरायचं, सावकाश सरळ वर ओढायचं, जागा साबणाने धुवायची. आणि शेवटी, "ताप आला तं डॉक्टरले हे सांगजा."

एका पावसाळ्यात आई रेल्वे लाइनीपलीकडे तरोट्याची भाजी खुडायला गेली आणि मानेवर गोचीड घेऊन आली. काकांनी ती काढली. पुढे काही दिवसांनी आईला ताप भरला. बाबा शिफ्टवर, आई हट्टी. "मोसमी ताप आहे," म्हणत गोळ्या घेऊन पडून राहिली. काका रोज येऊन विचारत आणि आई रोज त्यांना वाटेला लावी.

चौथ्यांदा की पाचव्यांदा असं झालं, तेव्हा काका दारातच खाली बसले. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी गोंदियाकडे गावी वारली, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी ते म्हणाले, "वहिनी, आमच्या शकुनले गोचीड चावली होती. म्याच काढली, पाना फिरवल्यावानी. मंग ताप आला. डॉक्टरनं इचारलं, काही चावलं का? म्या म्हटलं, नाही. गोचीड काय सांगाची गोष्ट आहे, असं वाटलं मले. त्यायले तरी कसं समजन?"

आई उठली आणि चपला घालून निघाली. डॉक्टरांनी काही विचारायच्या आतच तिने गोचिडीचं सांगितलं. त्यांनी अंगावरचे लाल ठिपके पाहिले, तपासण्या लिहिल्या आणि त्याच दिवशी औषध सुरू केलं. ती आणखी घरी पडून राहिली असती तर कठीण होतं, असं ते म्हणाले. आई बरी झाली. काका मात्र त्यानंतर शकुनकाकूंबद्दल चकार शब्द बोलले नाहीत.

मागच्या वर्षी काका गेले. आजोळी वाढलेला आणि आता रायपूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा दिवस झाल्यावर आमच्याकडे येऊन बसला. बोलता बोलता म्हणाला, "बाबांनी मायची गोष्टच नाही केली कधी. फोटो पण नाही लावला. मले वाटे, भूल गए असंन."

आईने त्याचा हात हातात घेतला. "नाही रे बाबू. तुह्या मायची गोष्ट सांगूनच त्यायनं मले वाचवलं." आणि तिने त्याला सगळं सांगितलं, जसंच्या तसं.

 तो हळूच म्हणाला, "नाव घेतलं होतं तिचं?"

"घेतलं होतं," आई म्हणाली. "आमची शकुन म्हणाले होते."

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरलेला तो पोरगा तेव्हा कुठे रडला.