गुऱ्हाळावरचा इंग्रजी नकार

नाशिकहून निघताना माझ्या पिशवीत दोन सदरे, एक मफलर आणि मीच लिहिलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पंधरा प्रती होत्या. इंग्रजी वाक्प्रचारांचे मराठीत अर्थ सांगणारं ते छोटं पुस्तक. नवी आवृत्ती काढायची का, असं प्रकाशकांना विचारलं होतं, तेव्हा ते "बघू, कळवतो" म्हणाले होते. तेव्हापासून फोन वाजला की मी धावतो आणि पलीकडे निघतात कर्ज घ्या म्हणणाऱ्या बाई.

"गुळाच्या गावाला पुस्तकं कशाला नेताय?" बायकोने विचारलं. लेखकाचं दुःख घरात कुणाला कळत नाही.

निमंत्रण वैशालीचं होतं. मी मोबाईलवर इंग्रजीचे वर्ग घेतो, त्यातली ही सगळ्यात चिवट विद्यार्थिनी. तिच्या सासरी, कागलजवळ, गुऱ्हाळ (ऊस गाळून गूळ करण्याची जागा) आहे. इंग्लंडमधला एक दुकानदार त्यांचा गूळ बघायला येणार होता. "सर, बोलीन मी. तुम्ही नुसतं शेजारी बसा," ती म्हणाली होती. शेजारी बसण्यात माझा हातखंडा आहे.

सकाळी कोल्हापूरच्या स्टेशनवर उतरलो आणि आधी मिसळ गाठली. मी मिसळीला हात लावतो न लावतो तोच वाढणारा कट (वरून घ्यायचा तिखटजाळ रस्सा) घेऊन हजर.

"नको," मी म्हणालो.

"घ्या की, पावणं!" म्हणत त्याने पळीभर ओतला. मी पुन्हा नको म्हणालो, त्याने पुन्हा ओतला. तिसऱ्यांदा मला बोलताच येत नव्हतं, ते त्याने होकार म्हणून घेतलं. डोळे पुसत बाहेर आलो आणि पुढचा अर्धा तास जगाकडे धूसर नजरेने पाहिलं.

कागलच्या एसटीत शेजारच्या फेटेवाल्या गृहस्थांनी स्टँड सुटायच्या आत माझं गाव, वय, पेन्शन आणि मुलाचं लग्न का लांबलंय हे विचारून घेतलं. माझ्या पुस्तकात एक वाक्प्रचार आहे, बीटिंग अराउंड द बुश, म्हणजे मुद्द्यावर न येता आडवळणाने बोलत राहणे. या जिल्ह्यात तो शिकवताना उदाहरण कुठून आणायचं, या विचारातच कागल आलं.

वैशाली स्टँडवर न्यायला आली होती, स्कूटरवर. मोबाईलच्या चौकोनात दिसते त्यापेक्षा उंच निघाली. गुऱ्हाळावर तिचे सासरे भेटले. सासऱ्यांना ती मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. उसाचा रस मोठ्या काहिलीत (पसरट कढईत) रटरटत होता, मामा लांब दांड्याच्या झाऱ्याने वर येणारी मळी काढत होते, आणि त्या गोड वाफेत माझा मिसळीने पोळलेला जीव जरा निवला.

छपराच्या आढ्याजवळ एका फळीवर पत्र्याचा एक सीलबंद डबा होता. त्याच्याकडे बोट दाखवत वैशाली हळूच म्हणाली, "सर, सगळं त्या डब्यावर अडलंय."

त्यात गुळाचा रंग उजळवायची पावडर होती. बाजारात पिवळाधमक गूळ आधी उचलतात, म्हणून ती घालायची रीत पडलेली. यंदा वैशालीने हट्टाने पावडरीशिवाय गूळ करायला लावला. चव झकास, पण रंग तपकिरी. ढेपा रचून पडल्या आणि गावातले लोक मामांना हसू लागले.

"पोरीचा शब्द मोडला न्हाय," मामा म्हणाले. "पर आज पावण्यानं न्हाय म्हटलं, तर उद्याच्या काहिलीत पावडर पडणार. हे तिला सांगितलंय मी."

इंग्लंडचे ते दुकानदार, डेव्हिड साहेब, दुपारी आले. चांगला माणूस. वाकून नमस्कार केला, चपला बाहेर काढल्या, सगळं गुऱ्हाळ हिंडून पाहिलं. मग जेवण. तांबडा रस्सा त्यांना सोसला नाही, पांढरा मात्र आवडला. "आय ॲम फुल," ते पोटावर हात ठेवून म्हणाले. मामांनी अर्थ विचारला नाही, वाटी भरली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझी भरलेली वाटी दाखवली.

जेवण झाल्यावर त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे मिटले, मग उजेडात धरून ढेपेचा रंग न्याहाळला. "व्हेरी इंटरेस्टिंग," ते म्हणाले. "वी विल बी इन टच."

वैशालीचा चेहरा उजळला. "मामा, संपर्कात राहणार म्हणतायत!"

शब्दशः अर्थ बरोबर होता. माझ्याच पुस्तकात तो तसा छापलाय. पण अशा वेळी, अशा आवाजात इंग्रज माणूस ते कशासाठी म्हणतो, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. अर्थ दिला होता, वापर दिला नव्हता. गप्प बसावं, संध्याकाळची गाडी पकडावी, असं क्षणभर मनात आलं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"वैशाली," मी म्हणालो, "आपल्याकडे मुलगी पाहून झाल्यावर पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप येतो ना, तसं आहे हे."

तिचा चेहरा पडला. मामांनी फळीवरच्या डब्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण मामा मांडी बदलून आणखी ऐसपैस बसले.

"हिच्या बाबानंबी असंच म्हटलंतं," ते मला म्हणाले. "घरी ईचारून कळवतो. दुसऱ्या दिशी मी परत गेलतो. म्हटलं, पावणं, आडलंय कुठं तेवढं सांगा, मग जातो. तर काय? पोरीला लग्नानंतर शिकू देणार का, एवढंच ईचारायचं होतं त्यास्नी. लाजत हुते!" मग सुनेकडे वळून म्हणाले, "ईचार त्येला. आडलंय कुठं?"

"मामा, इंग्रजांना असं तोंडावर विचारत नाहीत," मी घाबरून म्हणालो आणि एखादा मऊ वाक्प्रचार आठवू लागलो.

"सर, जरा थांबा," माझी विद्यार्थिनी मला म्हणाली. मग तिने साहेबांना सरळ विचारलं, "सर, व्हॉट इज द प्रॉब्लेम? प्लीज टेल. वी विल नॉट फील बॅड."

साहेब कानापर्यंत लाल झाले. वाटीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग एकदाचं बोलले. गूळ त्यांना फार आवडला होता. पण त्यांची गिऱ्हाइकं पिवळा गूळच ओळखतात, हा गूळ करपलाय असं त्यांना वाटेल. मेहनतीने केलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं, म्हणून ते सरळ बोलले नव्हते.

वैशालीने उठून तो डबा फळीवरून खाली काढला आणि ढेपेशेजारी ठेवला. "येलो इज पावडर," ती म्हणाली. "ब्राऊन इज केन."

पिवळा म्हणजे पावडर, तपकिरी म्हणजे ऊस; माझ्या पुस्तकातला एकही वाक्प्रचार त्यात नव्हता.

साहेबांनी डबा पाहिला, ढेप पाहिली, आणि मोठ्याने हसले. हे वाक्य मी पाकिटावर छापू का, असं त्यांनी विचारलं. पहिल्यांदा थोडाच माल नेईन, गिऱ्हाइकांचं बघून पुढचं ठरवू, म्हणाले.

"म्हंजे व्हय का न्हाय?" मामांनी विचारलं, आणि वैशालीने ते इंग्रजीत केलं.

"येस," साहेब म्हणाले. त्याचा अर्थ कुणालाच सांगावा लागला नाही.

संध्याकाळी निघताना मामा वैशालीला सांगत होते, "उद्या बाजारात जाशील तवा हा डबा दुकानात परत दिऊन ये." ती हो म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. मला मामांनी दोन लहान ढेपा दिल्या. मी तीनदा नको म्हणालो.

परतीच्या गाडीत माझं पुस्तक उघडलं. "वी विल बी इन टच: आम्ही संपर्कात राहू." त्याखाली पेनाने लिहिलं, "वापर: बहुधा नकार. पण लगेच उठू नये. अडलंय कुठं ते विचारावं." तीस वर्षं इंग्रजी शिकवली, आणि एवढं कळायला कागलला जावं लागलं. मग पुढच्या पानावर, आणि त्याच्या पुढच्या पानावर, कुठे कुठे नुसता अर्थ देऊन मी मोकळा झालोय ते दिसू लागलं.

घरी आल्यावर बायकोने एक ढेप डब्यात ठेवली आणि दुसरीला हात घातला.

"ती राहू दे," मी म्हणालो. "उद्या सकाळी प्रकाशकांकडे जायचंय."