लोटू महाजन, हाय रिस्क

बऱ्हाणपुरात गाडीचा विमा उतरवायचा म्हटलं की लोक बुधवाऱ्यात माझ्या दुकानी येतात. तेवीस वर्षं झाली. ट्रॅक्टर, ट्रक, केळीच्या पिकअप, नवरदेवाच्या गाड्या, एकदा तर बँडवाल्याच्या रोषणाईच्या गाडीचाही विमा मी उतरवला आहे. समोर माणूस बसला की त्याच्यात धोका किती ते मला कळतं, अशी माझी समजूत होती. लोटू महाजनाने ती मोडीत काढली.

लोटू गावातल्याच लालबागचा. वय बेचाळीस, अंगाने काटक, भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्याचं बटण लावलेलं. दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. त्याच्याहून चांगले ड्रायव्हर आमच्याकडे पन्नास सापडतील. पण हिवाळा लागला की शाहपूरच्या केळीबागांत भरीत पार्ट्या सुरू होतात. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजायची, कळण्याची भाकरी थापायची, आणि भरताच्या आधी बाटल्या उघडायच्या. भरीत हे निमित्त असतं, हे खुद्द वांग्यालाही माहीत असावं. दुपारी चारपर्यंत पन्नासच्या पन्नास ड्रायव्हर आपापल्या शेठसोबत केळीच्या पानांवर आडवे झालेले असतात. अशा वेळी गाडी घरी नेणारा अख्ख्या तालुक्यात एकच, लोटू. कारण लोटू पीत नाही.

त्याने कधी थेंबही घेतला नव्हता. "याच्या बापानं दोन पिढ्यांची पिऊन ठेवली," असं त्याची आई मालूबाई सांगायची. लोटूचं पोट चालत होतं ते या एका गोष्टीवर. लोक फोन करताना त्याचं नावही घेत नसत. "तो न पिणारा मोकळा आहे का?" असं विचारत.

मलाही त्याने कितीदा घरी आणून सोडलंय. माझ्या चपला हातात घेऊन यायचा आणि दारात माझ्या बायकोला, लीलाला, सांगायचा, "वहिनी, भाऊले ऊन लागलं." जानेवारीतही ऊन लागायचं. लीलाने कधी उलट प्रश्न केला नाही.

गेल्या श्रावणात लोटूने स्वतःची गाडी घेतली. जुनी, पांढरी, सात माणसं बसतील अशी. आधीच्या मालकाच्या विम्याचा महिनाभर उरला होता, तेवढा मी त्याच्या नावावर करून दिला. आता स्वतःच्या गाडीत पाहुण्यारावळ्यांना नेईन, म्हणत होता. मला त्याचा खरंच आनंद झाला होता.

आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. नवी गाडी घेतली की शाहपूर रस्त्यावरच्या भैरोबाला दारूचा पव्वा चढवायचा. अर्धा देवाच्या ओट्यावर ओतायचा, अर्धा प्रसाद म्हणून हजर असतील त्यांनी वाटून घ्यायचा. गाडीला अपघात होत नाही म्हणतात. हा विमा माझ्या विम्यापेक्षा स्वस्त आणि त्याला कागदपत्रंही लागत नाहीत, त्यामुळे माझी गिऱ्हाइकं आधी तिकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात. सहसा चार-पाच ड्रायव्हर सोबत असतात आणि प्रसाद पुरत नाही म्हणून भांडणं होतात. लोटू गेला त्या दिवशी नेमक्या केळीच्या गाड्या भरायच्या होत्या, कोणीच मोकळं नव्हतं. तो एकटाच गेला. दारूच्या ठेक्यावर कुठली मागायची हे त्याला ठाऊक नव्हतं. "भैरोबासाठी द्या," म्हणाला.

अर्धी देवाला वाहिली. अर्धी हातात राहिली. आता काय करायचं? आजूबाजूला चिटपाखरू नाही. प्रसाद टाकायचा नसतो, पायाखाली येऊ द्यायचा नसतो, हे मालूबाईने लहानपणापासून त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. घरी न्यावा तर मालूबाई बाटली पाहून काय करील याचा नेम नाही. शेवटी लोटूने डोळे मिटले, काढा घ्यावा तसा तो प्रसाद घशाखाली उतरवला, भैरोबाला नमस्कार केला आणि गाडी सुरू केली. सकाळचे साडेअकरा झाले होते.

गावाच्या तोंडाशी मध्य प्रदेश पोलीस गाड्या थांबवून तोंडापुढे यंत्र धरत होते.

"पी है क्या?"

"नही साब," लोटू म्हणाला. "परसाद लिया है."

तिथला हवालदार म्हणे रस्त्यावर बसून हसला. यंत्र मात्र हसलं नाही. त्याने आकडा दाखवला आणि लोटूची गाडी ठाण्याच्या आवारात जमा झाली. कोर्टात वकील म्हणाला, खोकल्याचं औषध घेतलं होतं असं सांगू. लोटूने ऐकलं नाही. देवाच्या प्रसादाला औषध म्हणायला त्याची जीभ वळेना. गुन्हा कबूल केला, दंड भरला, परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित.

मग सुरू झाला माझा भाग. गाडी ठाण्यातून सोडवायची होती. कोर्ट म्हणालं, चालू विमा दाखवा. विमा तर गाडी ठाण्यात असतानाच संपला होता. मी ज्या कंपनीचं काम करतो ती म्हणाली, विम्यात खंड पडलाय, गाडीचे चारही बाजूंनी फोटो आणि इंजिन चालू असल्याचा व्हिडिओ पाठवा. मी मोबाईल घेऊन ठाण्यात गेलो. तिथले मुंशीजी, म्हणजे नोंदवह्या सांभाळणारे हवालदार, म्हणाले, "कोर्ट के ऑर्डर के बिना गाडी को हाथ नहीं लगाना." कोर्ट विम्यावाचून ऑर्डर देईना, कंपनी फोटोवाचून विमा देईना, मुंशीजी ऑर्डरवाचून फोटो काढू देईनात. तीन आठवडे मी या तिघांत फिरलो. प्रत्येक जण नियमाने बरोबर होता आणि प्रत्येकाने मला चहा पाजला.

तोड लोटूनेच काढली. "भाऊ, दसऱ्याले गाडीची पूजा करू तर कोणी रोकते का?"

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होते, जीपलाही हार पडतो. आम्ही दोघं झेंडूचा हार, नारळ, हळद-कुंकू घेऊन गेलो. मुंशीजींनी ताट पाहिलं आणि टोपी काढली. "पूजा को कौन मना करेगा?" लोटूने हार घातला, मी चारही बाजूंनी फोटो काढले. मग लोटूने हात जोडून सांगितलं की आमच्यात पूजेला इंजिन चालू करावं लागतं. बॅटरी उतरली होती. पूजा अर्धी राहणं मुंशीजींनाच बरं वाटेना. त्यांनी सरकारी जीप शेजारी लावायला सांगितली, तिच्या बॅटरीला वायरी जोडल्या, आणि जप्त केलेली गाडी पोलिसांच्या विजेवर सुरू झाली. मी व्हिडिओ काढला. नारळ फोडताना मुंशीजींनी डोळा मिचकावून विचारलं, "भैरोबा का परसाद नहीं लाए?" लोटूने दोन्ही कान पकडले.

कंपनीने फोटो परत पाठवले. नंबर प्लेटवर झेंडू दिसतो आहे, म्हणाले. मी पुन्हा ठाण्यात गेलो. या खेपेस मुंशीजींनी स्वतःच्या हाताने हार बाजूला धरला.

फोटो मंजूर झाले, तेव्हा अर्ज भरायला लोटू दुकानात आला. कंपनीच्या नव्या अर्जात एक प्रश्न आहे: वाहन चालवणाऱ्यावर मद्यपानाचा गुन्हा आहे का? या प्रश्नासमोर मी सगळ्यांसाठी न विचारता "नाही" लिहितो. स्वतःच्या गाडीच्या अर्जातही लिहिलं. खोटं काही नाही, आमच्यापैकी कोणी सापडलेलाच नाही. लोटूच्या अर्जावरही माझा हात तिकडेच वळला.

"हो लिहा," लोटू म्हणाला.

"अरे, कोण बघतंय? हप्ता वाढेल. नकारही देतील."

"मी कोर्टात हो म्हनलो ना भाऊ? मग इथं नही कसं म्हनू?"

मी चिडलो. माणसाने भोळं असावं, पण एजंटच्या धंद्यावर उठू नये. तरी मी "हो" लिहिलं. आठ दिवसांनी पॉलिसी आली, हप्ता चढा, आणि कोपऱ्यात इंग्रजीत छापलेलं: हाय रिस्क. लोटूने मला अर्थ विचारला. मी सांगितला. त्याने कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. मला त्या दोन शब्दांचा राग आला, कारण ज्या माणसाच्या भरवशावर मी तेवीस वर्षं इतरांचे कमी धोक्याचे कागद भरत आलो, तोच हा होता.

गाडी घरी आली, पण परवाना नव्हता. लालबागच्या गल्लीत ती उभी असायची आणि लोटू रोज सकाळी तिला पुसायचा. भरताचा सगळा हंगाम तिथेच गेला. परवाना परत मिळायच्या आधी त्याला ड्रायव्हरांच्या उजळणी वर्गाला बसावं लागलं. पहिल्या बाकावर बसून वहीत उतरवून घ्यायचा. मास्तरने विचारलं, दारू प्यायल्यावर घरी कसं जावं? लोटू म्हणाला, "न पिणारा ड्रायव्हर बोलवावा." मास्तरने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात परवाना हातात पडला. त्याच रविवारी शाहपूरला योगेंद्रशेठच्या बागेत हंगामाचं शेवटचं भरीत होतं. योगेंद्रशेठ केळीचे मोठे व्यापारी, त्यांच्या अकरा गाड्यांचा विमा माझ्याकडे. मीच लोटूला कळवलं. तीन वाजता तो आला, परवाना खिशात, गाडी धुतलेली. सहा महिन्यांनी त्याला लोक पुन्हा हाक मारतील की नाही, हे आज ठरणार होतं. ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. बाभळीच्या सावलीला, सगळ्यांपासून जरा दूर, तो उभा राहिला.

चार वाजता योगेंद्रशेठ उठले, धोतराचा सोगा सावरताना खाली बसले आणि पुन्हा उठले. लोटूने किल्लीसाठी हात पुढे केला.

"नही लोटू," शेठ म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको बापा. पन तुह्यावर दारूची केस हाये. उद्या काही झालं तं कंपनी म्हनीन, दारुड्याच्या हाती गाडी काहून देली? काय सुधाकर, तू विम्यातला मानूस. बरोबर हाये का नही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लोटूनेही. माझ्या हातात तिसरा ग्लास होता. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते मला येत होतं. पण शेठच्या अकरा गाड्या डोळ्यांपुढे आल्या.

"तसं... कंपनी विचारू शकते," मी म्हणालो.

लोटूने हात मागे घेतला. "ठीक हाये शेठ. गाडी हळू घ्या."

शेठने दोनदा गाडी बंद पाडली, तिसऱ्यांदा ती निघाली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. शाहपूर ते बऱ्हाणपूर रस्ता सरळ आहे, पण त्या दिवशी तो आम्हाला सरळ लागला नाही. एकदा समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर अगदी अंगावर आला आणि शेठ मलाच म्हणाले, "नीट चालव." भैरोबाचा ओटा आला तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. आरशात पाहिलं तर मागे लोटूची पांढरी गाडी होती. रिकामी. आम्ही थांबलो की थांबायची, आम्ही वेडेवाकडे गेलो की हेडलाइट लावून मागच्या ट्रकवाल्यांना हात दाखवायची. गावात शिरेपर्यंत तिने अंतर सोडलं नाही.

बुधवाऱ्याच्या कोपऱ्यावर, माझ्या घराजवळ, शेठने मला उतरवलं. खालची फरशी गरम लागली तेव्हा कळलं, पायात चपला नव्हत्या. शेठ निघून गेले आणि लोटू माझ्या दारात आला. त्याच्या हातात माझ्या चपला होत्या. बागेत राहिलेल्या. त्याने त्या उंबऱ्याशी जोडीने ठेवल्या.

"वहिनी, भाऊले ऊन लागलं," तो म्हणाला आणि वळला.

मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. लीलाने दार अर्धं लोटलं आणि हळू आवाजात मला म्हणाली, "याच्यावरच ती केस झाली ना? तुम्ही याच्या गाडीत कशाला बसता? प्यायलेला असला म्हणजे?"

"तो पीत नाही," मी म्हणालो. "मी प्यायलोय. गाडी चालवत होता तो शेठही प्यायलेला होता. लोटू पीत नाही, लीला."

हे बागेत म्हणायचं होतं. मी धडपडत कोपऱ्यापर्यंत गेलो, अनवाणीच. लोटूची गाडी रिकाम्या गल्लीत उजवीकडचा इंडिकेटर देऊन वळत होती. मी हाक मारली, पण त्याच्या काचा वर होत्या.