पोत्यात तापलेली फळं

गेल्या हिवाळ्यात पांतालेओचे पाय गेले, तो खाटेला खिळला. पुढच्या उन्हाळ्यात इटलीच्या दक्षिण टोकाला, सालेंतोभर फिरणारा रोग त्याच्या ऑलिव्हच्या बागेत शिरला. बापाने लावलेली नव्वद झाडं उभ्या उभ्या वाळली. बायकोने, कोझिमाने, त्याला सांगितलंच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दारातच दम द्यायची, "बागेचा विषय काढलास तर पुन्हा ही पायरी चढायची नाही."

पण तो रोज विचारायचा, "आपलं नवं तेल कधी येणार गं?"

दुसऱ्याचं आणून भागलं नसतं. ब्रेडवर थेंब पडला की तेल कुणाच्या बागेचं ते सांगणारा माणूस तो. आणि घाण्यावर दोनशे किलोच्या आत एकट्याचा माल लावत नाहीत, चौघांचा एकत्र करतात.

मग कोझिमा निघाली. वाळलेल्या बागेत जिथे एखादी जिवंत फांदी दिसेल तिथे शिडी. दिवसभर राबून कसेबसे वीस किलो. तोडलेली फळं तापू नयेत म्हणून पसरून ठेवायची तर घरात, आणि घरात तो. एवढीशी रास बघून त्याला कळलंच असतं. म्हणून तिने फळं मागच्या खोपटात पोत्यांत भरली. दोनशे किलो भरेपर्यंत दहा दिवस.

घाणेवाल्या ओरोंझोने पोत्यात हात घातला नि झटकन बाहेर काढला.

"मावशी, आतून तापलीत की! दिव्यात जाळायच्या लायकीचं निघेल. माझं पाच लिटर ने, पैसे नकोत."

"तुझं तो एका घासात ओळखेल."

"अगं, पण वास..."

"लाव म्हटलं ना!"

दगड फिरले. फळं बियांसकट चिरडली, काळा लगदा झाला. तेल निघालं ते गढूळ, आंबूस.

घरी तिने ब्रेड भाजला, वर तेल सोडलं. पांतालेओने घास घेतला, डोळे मिटले.

"झाडं आपलीच," तो म्हणाला.

कोझिमाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तो थुंकला.

"पोत्यात ठेवलीस? किती दिवस?"

"दहा."

"दहा? चाळीस वर्षं माझ्यासोबत बागेत घालवलीस, आणि फळं पोत्यात कुजवलीस? चार बायका लावायच्या, रोजचा माल रोज घाण्यावर धाडायचा! झोपली होतीस का?"

खरं एकच वाक्य होतं. तोंडापर्यंत आलेलं.

"कंटाळा आला मला," ती म्हणाली.

आता घरात कुणीही आलं की तो सुरू होतो. "ही बघा माझी बायको. नव्वद झाडांचं पीक मातीत घातलं हिने." ऐकणाऱ्या प्रत्येकाला बाग माहीत आहे. माणसं खाली बघत बसतात. कोझिमा कॉफी ठेवते.

"पुढच्या वर्षी तरी नीट कर," तो म्हणतो.

"करते," ती म्हणते.