पाचवं अक्षर

इंटरनेट म्हणजे काय हे कळण्याआधी शिवांजलीला त्याचा आवाज कळला. सांगलीच्या त्या सायबर कॅफेत मालक देवदत्तने संगणकाशेजारच्या डब्याला फोनची तार जोडली आणि त्यातून कुणी गळा दाबल्यासारखं किंचाळलं. ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. चपला तिने दाराबाहेर काढल्या होत्या. थंड फरशीवर अनवाणी पाय आक्रसून गेले.

१९९९चा मे महिना. गणितात बी.एस्सी. झालेल्या शिवांजलीला पुण्याच्या एका कॉलेजने संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला जागा देऊ केली होती, पण अट घालून. उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम इंटरनेटवरून पुरा करायचा आणि शेवटच्या परीक्षेत शंभरापैकी पन्नास गुण मिळवायचे. दुसरी अट घरातली. आष्ट्याच्या त्या घरात वडील, आकाराम, थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. ते थोरले भाऊसो जेवता जेवता म्हणाले होते, "झाली पास तर जाऊ दे पुण्याला. न्हाई झाली तर शिराळ्याचं स्थळ हाय. जूनमध्ये बोलवू बघायला."

आठवड्यातून दोनदा ती एस.टी.ने सांगलीला जायची. पुण्याचे सर धडा पाठवायचे, ती उत्तरं पाठवायची. सरांचा चेहरा नाही, आवाज नाही. चुकीचं बटण दाबलं तर यंत्र जळेल असं तिला वाटायचं. एकदा सरांकडून दहा दिवस काहीच आलं नाही. आपल्या पत्रात काही उद्धट गेलं का, म्हणून तिने वहीत उतरवून ठेवलेला मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. जेवण जाईना. मग दोन ओळी आल्या : सर कोकणात लग्नाला गेले होते.

परीक्षेच्या आठवड्यात टपालाने बंद पाकीट आलं. आत परवलीचा शब्द. वर छापलं होतं : परीक्षेच्या वेळीच उघडावे. तीन वेळा चुकल्यास प्रवेश बंद. आई, शालूबाई, हिने ते देवापुढे ठेवलं. नवी वही असो की बियाण्याची पिशवी, त्या घरात कुंकू लावल्याशिवाय काही वापरात येत नसे. पाकिटालाही तिने तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली, जाड आणि मनापासून. शनिवारी सकाळी पाकीट लेकीच्या हातात देताना म्हणाली, "घाबरू नगं. देवापाशी हुतं दोन दिस."

अकरा वाजता शिवांजलीने पाकीट फाडलं. तेल आत झिरपलं होतं. आठ अक्षरांपैकी सात वाचता येत होती. पाचव्यावर लाल डाग पसरला होता.

डागाखाली गोलसर काही दिसत होतं. तिने इंग्रजी तीनचा आकडा टाकला. चूक. आठ टाकला. चूक.

देवदत्त शेजारी येऊन उभा राहिला. समोरच्या बूथवरून पुण्याला फोन लावा, असं त्यानेच सुचवलं. ती अनवाणीच रस्ता ओलांडून गेली. पलीकडे शिपाई होता. परीक्षेचं कुणी नाही, सोमवारी करा, म्हणाला. परत आली तेव्हा अकरा वाजून सोळा मिनिटं झाली होती. पेपर बाराला बंद होणार होता. तळहात इतके ओले होते की कागद बोटांना चिकटत होता.

तो सोडवताना मागच्या बाजूला बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. सुयांचे ठोके मारून छापणाऱ्या प्रिंटरने कागद मागे उचलला होता. खिडकीजवळ जाऊन तिने कागद उलटा, तिरपा धरला. पाचव्या जागी बारीक उंचवटे होते. एका बाजूला सरळ दांडी, दुसऱ्या बाजूला दोन फुगे. आठाला दांडी नसते. इंग्रजी बी असावा. असावाच, असं मात्र तिला म्हणवेना.

आठही अक्षरं टाकून ती थांबली. बोट पुढे जाईना.

"तुम्ही दाबता का?" तिने देवदत्तला विचारलं.

"नको हो. चुकलं तर जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडाल. तुमचं तुम्ही दाबा."

तिने डोळे मिटून दाबलं. फोनच्या डब्यावरचा दिवा लुकलुकत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग वरून खाली, एकेक ओळ करत, पहिला प्रश्न उतरू लागला.

दहापैकी सात प्रश्न तिने लिहिले. घरी शालूबाईने विचारलं, "सोपा गेला न्हवं?" ती व्हय म्हणाली. डागाचं तिने कधीच सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी निकाल आला, त्रेपन्न. देवदत्तने छापून दिलेला कागद भाऊसोंनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"शिराळ्याला निरोप धाडतो," ते म्हणाले. "म्हणावं, दोन वर्सं तरी थांबा."

शिवांजली मान खाली घालून उभी होती. स्थळ मोडा, असं ते म्हणाले नव्हते.